डाव्या पंखाची तुळई

मखमलाबादच्या शिवारात कुणालाही "विमानाचं घर कुठलं?" असं विचारलं तर तो बोट दाखवतो, आणि दाखवता दाखवता गालात हसतो. पूर्वी लोक खदाखदा हसायचे. झुंबर सरांनी कांद्याच्या चाळीत विमान बांधायला काढलंय ही बातमी फुटली तेव्हा पारावर कितीतरी दिवस दुसरा विषय नव्हता. रिटायर माणसाला काहीतरी उद्योग लागतोच, पण म्हणून विमान? कुणी म्हणालं, सर आता मळ्यातून थेट मार्केटात मेथी टाकणार, वरून. आणि या हसणाऱ्यांच्या पुढे होती सरांची बायको, ललिता. लोकांनी हसण्याआधी आपणच हसून मोकळं व्हावं, हे तिचं धोरण. "आमच्याकडे पाहुण्याला निजायला जागा नाही, पण विमानाला स्वतंत्र खोली आहे," असं ती लग्नाकार्यात सांगायची आणि टाळी घ्यायची.

घरात मात्र वेगळं होतं. चहा द्यायला म्हणून ती चाळीत जायची आणि कप परत न्यायच्या निमित्ताने तिथेच रेंगाळायची. नवऱ्याचे हात बघत राहावं असं तिला वाटायचं. हे तिने कधी कुणाला सांगितलं नाही, नवऱ्याला तर नाहीच. आधीच तो माणूस स्वतःवर खूश.

खूश असायला कारणही होतं. आयटीआयमध्ये सुतारकाम शिकवण्यात सरांची नोकरी संपली, पण शिकवायची खोड गेली नाही. चाळीच्या फटी आतून पत्र्यांनी बंद करून त्यांनी एक लांबलचक टेबल मांडलं होतं, आणि त्यावर विमानाचा एकेक अवयव जन्माला येत होता. पंखाच्या फासळ्या बघाव्यात तर करंगळीपेक्षा बारीक काड्यांच्या, आणि जिथे काडीला काडी भेटते तिथे दोन्ही बाजूंनी प्लायची एवढीशी तिकोनी चकती चिकटवलेली. एक फासळी उचलली तर भाकरीएवढं वजन. पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा ललिता म्हणाली, "हे काय पतंगाचं सामान आहे का?" सरांनी ती फासळी दोन विटांवर ठेवली, वर पाटा ठेवला, आणि चहा प्यायला बसले. पाटा जागचा हलला नाही. ललिताच्या मनात आलं, आपण या माणसाशी इतकी वर्षं संसार केला आणि याला ओळखलंच नाही.

सरांची एक रीत होती. दर वेळी सरस कालवला, एपॉक्सीलाही ते सरसच म्हणत, की उरलेल्या सरसाने दोन टाकाऊ तुकडे एकमेकांना चिकटवायचे आणि दुसऱ्या दिवशी ते शिकंज्यात धरून हातोड्याने तोडायचे. लाकूड तुटलं तर पास. जोड सुटला तर नापास, आणि मग त्या सरसाने आदल्या दिवशी केलेलं सगळं काम बाद. तोडलेले तुकडे बंबात जायचे. "आमच्या आंघोळीचं पाणी परीक्षेवर तापतं," असं ललिता म्हणे.

हा एवढा कडक कारभार कशासाठी, हे तिला ठाऊक होतं. त्यांची मुलगी भाग्यश्री दूर एका फ्लाइंग क्लबात विमान उडवायला शिकवायची. बाबांचं विमान तयार झालं की पहिल्यांदा वर नेणार ती, हे बापलेकीत ठरलेलं होतं. तेव्हा सर जी चकती चिकटवत होते तिच्यावर उद्या त्यांचीच पोर बसणार होती.

चाळीच्या दारात उन्हाला एक खाट असे. तिच्यावर सरांची आई, नवसाबाई. वय सत्त्याऐंशी, कंबर वाकलेली, जीभ सरळ. उभा जन्म झेंडू, शेवंती आणि मेथी-कोथिंबिरीत गेलेला. ललिता तिला आत्याबाई म्हणे. नवसाबाईला विमान म्हणजे काय ते माहीत होतं, ओझरच्या कारखान्यातली विमानं डोक्यावरून कान फोडत जातच होती. पण आपल्या पोराचं विमान त्या जातीचं नाही, हे चांगल्या जातीचं, असं तिचं मत होतं. मेथी निवडता निवडता ती आत बघत राही आणि मधूनच ओरडे, "झुंबऱ्या, ते वाकडं दिसतंय रं!" दर वेळी ते सरळच असायचं, पण सर उठून काटकोनाचा गुण्या लावून बघायचे.

दसऱ्याच्या सुमारास डाव्या पंखाचं मुख्य काम आलं. पंखाच्या आत मुळापासून टोकापर्यंत एक लांब तुळई असते, तिला स्पार म्हणतात. पंखाचं सगळं बळ तिच्यात. उजवा स्पार नवरात्राआधीच पुरा झाला होता. डाव्याच्या मुळाशी, जिथे पंख बोल्टांनी धडाला जोडला जातो, तिथे मजबुतीसाठी दोन्ही अंगांनी जाड प्लायच्या पट्ट्या चिकटवायच्या राहिल्या होत्या. सरांनी जागा रंध्याने साफ करून ठेवली. पण खंडेनवमीला मळेकऱ्याच्या घरी कुणाला बूड टेकायला सवड नसते. झेंडू विकायचा तर तेव्हाच, एकदा दसरा उलटला की तोच झेंडू उकिरड्यावर. सर, ललिता, गडीमाणसं, सगळी फुलांच्या पाट्या घेऊन गाडीतून शहरात गेली आणि घरी राहिली नवसाबाई. हत्यारांची पूजा दरवर्षी तिच्याच हातची.

दुसऱ्या दिवशी सरांनी विजयादशमीचा मुहूर्त धरला. आयुष्यभर विद्यार्थ्यांच्या मुहूर्तांना हसलेला माणूस, पण स्वतःच्या विमानाची गोष्ट आली तेव्हा विरघळला. स्पारच्या टोकाला आईने लावलेला गंधाचा टिळा त्यांनी पुसून काढला, सरस लावला, पट्ट्या बसवल्या, शिकंजे आवळले. शेजारचा नवनाथ आणि आणखी चार जण बघायला जमले होते. सगळ्यांनी एकमेकांना सोनं दिलं. सरसाचा नमुना दुसऱ्या दिवशी तोडला, तो पास झाला. सगळं झकास होतं.

थंडी पडली तसा स्पारच्या परीक्षेचा दिवस जवळ आला. फासळ्या बसवण्याआधी स्पार एकटा तपासायचा, त्यावर वजन टांगून. कांद्याच्या रिकाम्या गोण्यांत वाळू भरायचं काम नवनाथने अंगावर घेतलं होतं. त्या सकाळी दोन्ही स्पार उन्हात बाहेर काढून ठेवले होते. नवसाबाई खाटेवर बसून लसूण सोलत होती आणि ललिता जवळच पापड वाळत घालत होती.

"डावा कसा तुकतुकीत दिसतो बघ," नवसाबाई कौतुकाने म्हणाली. "उजव्याला ती झाक नाय."

"लाकूड वेगळं असेल, आत्याबाई."

"लाकूड येकच हाय. तेल मुरवलंय म्या त्याला. खंडेनवमीला खुरपी, कोयते, पहारी, समद्यांचे दांडे चोळले करडीच्या तेलानं, अन् मंग याला बी चोळलं. लाकूड उलू नये म्हून. चांगलं कापडानं पुसून घेतलं वरून, झुंबऱ्याच्या हाताला लागाया नको. उजव्याच्या पट्ट्या बसल्या व्हत्या ना आधीच, त्याचं ऱ्हाऊनच गेलं बघ."

ललिताच्या हातातला पापड तसाच राहिला. सरांचं भाषण ऐकून ऐकून तिला पाठ होतं: सरसाचे तीन वैरी, धूळ, ओल आणि तेल. नमुन्याचे तुकडे निराळे होते, कोरडे होते, म्हणून पास झाले. पण ज्या जोडावर डावा पंख लटकणार, तो जोड तेलावर बसला होता.

तिने नवऱ्याला आत नेऊन सांगितलं. सरांनी डावा स्पार आत आणवला आणि त्याच्या मुळाशी हात ठेवला. ओरडतील असं तिला वाटलं होतं, कारण चुकीच्या मापाचा खिळा दिसला तरी ओरडणारा माणूस. पण ते हळू आवाजात म्हणाले, "आईची काय चूक? सरस लावायच्या आधी रंध्याचा एक हात ताजा मारायचाच, हे मी पोरांना छडी घेऊन शिकवलं. त्या दिवशी मारला असता तर तेलाचा थर निघून गेला असता. मला मुहूर्त गाठायचा होता."

"पट्ट्या काढून पुन्हा नाही लावता येणार?"

"जिथे चिकटली असेल तिथे लाकूड फाडून निघेल. कुठे चिकटलीय आणि कुठे नाही, हे बाहेरून ब्रह्मदेवालाही कळायचं नाही. हा स्पार गेला, ललिता."

मग ते स्टुलावर बसले आणि जे बोलले ते ऐकून ती घाबरली. या एका स्पारला वर्ष गेलं, म्हणाले. फळी निवडण्यापासून. आता डोळ्यांत मोतीबिंदू धरलाय, रेघ दोन दिसतात, हात पूर्वीसारखा राहिला नाही. "पुन्हा एवढं होणार नाही माझ्याच्यानं. पुरे झालं." असं म्हणून त्यांनी ताडपत्री ओढून स्पार झाकला.

बायको म्हणून ललिताला तेव्हा दोनच गोष्टी सुचल्या. नवऱ्याला थोडे दिवस एकटं सोडावं, आणि म्हातारीला यातलं काही कळू देऊ नये. सत्त्याऐंशीव्या वर्षी तिच्या डोक्यावर हे ओझं कशाला? तिने प्रेमाने तेल लावलं, त्याच समाधानात तिला डोळे मिटू द्यावेत. सरांनीही मान डोलावली. ठरलं असं, की लाकडाला कीड लागली म्हणून काम थांबवलंय.

दोघेही शिकलेली माणसं, पण शेतकरणीला किडीची थाप मारू नये एवढं शहाणपण दोघांनाही सुचलं नाही.

नवसाबाईने ऐकून घेतलं. "कीड लागली? आगं बाई," एवढंच म्हणाली. दुपारी सगळे कलंडले तेव्हा काठी टेकत चाळीत गेली. ललिताला जाग आली ती आतून येणाऱ्या टकटक आवाजाने. जाऊन बघते तर म्हातारीने ताडपत्री बाजूला सारली होती, कान लाकडाला लावला होता, आणि स्पारवर काठी वाजवत ती मुळापासून टोकापर्यंत चालली होती.

"कीड कुठाय?" मागे न बघता तिने विचारलं.

"आत असेल, आत्याबाई. वरून दिसत नाही."

"मला शिकवू नगं. कीड लागली का भुसा पडतो. भुसा कुठाय? भोक कुठाय? पोकळ वाजाया पाहिजे, कुठं वाजतंय?" आता ती वळली. "माझ्याशी खोटं कशापायी बोलता तुम्ही दोघं?"

ललिता ही तोंडाने फटकळ बाई, पण त्या नजरेपुढे तिची बोबडी वळली. तिने सगळं सांगून टाकलं. तेलाचं, सरसाचं, भाग्यश्रीचं. म्हातारी रडेल म्हणून तिने खाट जवळ ओढली.

नवसाबाई बसली नाही. "म्हंजी माझ्या तेलानं पोर पडली असती."

"पडली नसती, आधीच कळलं ना आपल्याला..."

"मला सांगितलं का नाय?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"वाईट वाटंलच की!" काठी जमिनीवर आपटली. "वाईट वाटाया नगं तर काय बरं वाटाया पाहिजे? चूक माझी, अन् ती समद्या घराला ठावं, येकट्या मलाच नाय? मी काय रांगतं पोर हाय? पुढल्या खंडेनवमीला म्या त्या फासळ्यांना बी चोळलं असतं, मंग?"

आपण म्हातारीला जपतोय असं ललिताला वाटत होतं. तिला जमेत न धरता आपण बाजूला सारलं होतं, हे आत्ता तिच्या ध्यानात आलं आणि तिला स्वतःची लाज वाटली.

"झुंबऱ्याला उठव," नवसाबाई म्हणाली. "त्या नवनाथाला हाक मार. पोती भरली हायत ना? टांगा. माझ्या तेलानं काय केलं ते मला डोळ्यांनी बघायचंय."

सर म्हणाले, नको. नवनाथ म्हणाला, आजी, कशाला जिवाला त्रास. तिने कुणाचं ऐकलं नाही. शेवटी स्पारचं मुळाकडचं टोक जमिनीत गाडलेल्या लोखंडी चौकटीला बोल्टांनी आवळलं, आणि बाकीची लांबी हवेत, गाडीच्या जुन्या टायरांच्या वर, मोकळी राहिली.

"उताणा का घातला?" म्हातारीचा प्रश्न.

"उडताना हवा पंखाला वर ढकलते, आई," सर म्हणाले. आवाज आपोआप वर्गातला झाला. "आपल्याकडे वर ढकलणारं पोतं नाही, खाली ओढणारं आहे. म्हणून स्पारच उलटा करायचा."

"बरोबर हाय," नवसाबाईने पास केलं.

नवनाथ आणि सर एकेक पोतं टांगू लागले, मुळाशी दाट, टोकाकडे विरळ. स्पार वाकू लागला. वाकला, पण अंगात जीव असल्यासारखा डौलाने वाकला, आणि ललिताला त्या तसल्या घडीलाही नवऱ्याचा अभिमान वाटला. काडीकाडीने जोडलेलं ते लाकूड एवढं ओझं झेलत होतं. पोत्यांची अर्धी रास संपली. कुठे आवाज नाही. आणखी टांगली. सर थांबले, वाकून मुळाशी बघितलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं.

"साध्या उडण्याला एवढंच वजन येतं," ते म्हणाले.

"टिकलं की मग!" नवनाथ ओरडला. ललिताने हात जोडले. देवा, आता बस. टिकलं म्हणायचं आणि घरात जायचं.

"संपली का पोती?" नवसाबाई म्हणाली.

"नाही आई. पण एवढं..."

"मंग ती बाकीची कशाला भरली?"

सर आईकडे वळले. "हवा खवळली तर. पोर वादळात सापडली तर."

"मंग टांग की."

टांगली. एक, आणखी एक. तिसरं पोतं सोडलं तेव्हा कडाड असा आवाज झाला नाही. नुसतं चर्र झालं, आणि मुळाकडची पट्टी लाकडापासून अशी अलगद उलगडत गेली की जणू कधी चिकटलीच नव्हती. स्पार टायरांवर येऊन टेकला. चाळीत वाळूची धूळ उडाली.

सर पुढे झाले आणि त्यांनी उघड्या पडलेल्या जागेवरून बोट फिरवलं. लाकूड धडधाकट होतं. सरस सगळा पट्टीबरोबर निघून आला होता. आईला दिसू नये म्हणून की काय, ते मध्येच उभे राहिले. म्हातारीने काठीने त्यांना बाजूला केलं. वाकलेलीच होती, आणखी वाकायची गरज नव्हती. तिने ती जागा चाचपली, बोट नाकाशी नेलं.

"माझंच तेल," ती म्हणाली. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली.

"आई, चूक माझी आहे. मी रंधा मारायला पाहिजे होता."

"तुझी बी हाय, माझी बी हाय. निम्मी निम्मी घेऊ." तिचे डोळे भरले होते, पण ते पुसायला ती थांबली नाही. "दुसरा कधी करतो?"

"आई..."

"माळ्यावर फळी हाय की येक. रोज बघते मी."

"मला सदुसष्टावं चाललंय, आई. डोळे गेले. एका स्पारला वर्ष लागतं."

"अन् मला सत्त्याऐंशी सरलं," नवसाबाई म्हणाली. "घाई मला असाया पाहिजे, का तुला? पोरीला वर गेलेली बघायचीय मला. डोळे गेले तर उद्या मोतीबिंदू काढून ये. लोक काढत्यात, परत घरी येत्यात. तवर फळी उतरवून ठेवतो नवनाथ."

सरांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. लग्नाकार्यात ज्याच्यावर विनोद करून टाळ्या घेतल्या तो हा माणूस, आणि त्याला घडवणारी ही बाई. ललिताला वाटलं, आपल्या घरात काय आहे हे आपण सगळ्यांना सांगत फिरलो, पण आपल्याला स्वतःलाच ते दिसलं नव्हतं. तिने पुढे होऊन सासूचा हात धरला. म्हातारीने तो झिडकारला नाही.

नवनाथने खाली पडलेलं एक पोतं ओढलं आणि वाळू ओतून द्यायला त्याचं तोंड सोडू लागला.

"सोडू नकोस रे," सर म्हणाले. "भरलेलीच राहू दे. कोपऱ्यात रचून ठेव. लागणार आहेत."